चाळीस टनांचा फ्लॅटबेड आणि एकवीस टनांचं पोकलेन : कराडच्या एका ट्रेलर-खरेदीचं प्रकरण

कराडजवळच्या एका मातीकामाच्या कंत्राटदाराचं, आबांचं, हे प्रकरण आहे. त्याच्याकडे वीस टनी वर्गातलं एक पोकलेन, एक जेसीबी आणि अकरा टनांचा रोलर आहे. पूर्वी बहुतेक कामं घाटमाथ्यावरच असायची : कालवे, पाझर तलाव, शेतरस्ते. पोकलेन हलवायचं झालं की भाड्याचा ट्रेलर बोलवायचा, एवढाच विषय. पुढे चिपळूणच्या बाजूला कामं मिळाली आणि हिशेब बदलला. भाड्याचा ट्रेलर ठरल्या वेळी मिळेना, आणि मिळाला तरी वजन घेऊन कुंभार्ली घाट उतरायला चालक तयार होईनात. पोकलेन एक दिवस जागेवर थांबलं की मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार आणि खाली रिकामे उभे असलेले डंपर असा तिहेरी भुर्दंड बसतो. शेवटी स्वतःचा ट्रेलर घ्यायचं ठरलं. ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, म्हणजे घोडा, त्याच्याकडे होताच. दोन एक्सलचा होता आणि घोडा, ट्रेलर, माल मिळून ३९.५ टन अशी त्याच्या आरसी बुकात नोंद होती.

मला बोलावलं ते पाहिलेला ट्रेलर एकदा तपासून द्यायला. तो होता जुना, चाळीस फुटी, तीन एक्सलचा फ्लॅटबेड. आधीच्या मालकाने त्यावर पोलादाच्या कॉइल वाहिल्या होत्या. विकणारा छातीठोकपणे सांगत होता, "आबा, ह्यावर कॉइल गेल्यात कॉइल. चाळीस टन उचलतो ह्यो. तुमचं पोकलेन एकवीस टनाचं, ह्याला काय जड हाय?" किंमत नव्या ट्रेलरच्या निम्म्याहून कमी. आबांनी इसार द्यायची तयारी केली होती.

विकणारा खोटं बोलत नव्हता. ट्रेलरचे दोन मुख्य बीम खरंच भक्कम होते, कुठे बाक नव्हता, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) शाबूत होते. पण कॉइल पेलणारा ट्रेलर पोकलेन पेलेलच असं नाही, आणि हे टनांच्या आकड्यावरून कधीच कळत नाही. वजन किती आहे यापेक्षा ते डेकवर नेमकं कुठे बसतं, हे आधी पाहावं लागतं.

वजन कुठे बसतं

कॉइल ट्रेलरच्या मध्यरेषेवर, दोन मुख्य बीमच्या मधोमध बसते. हे बीम एकमेकांपासून साधारण एक मीटर अंतरावर असतात, त्यामुळे कॉइलचं वजन थेट बीममध्ये उतरतं. बीमच्या बाहेर डेक दोन्ही बाजूंना ऐंशी-ऐंशी सेंटीमीटर पसरलेला असतो, पण त्या भागावर फारसं काहीच येत नाही. म्हणून तिथली आडवी चॅनेल हलकी वापरली तरी वर्षानुवर्षं चालून जातं.

पोकलेनचं बरोबर उलटं. आबांच्या मशीनच्या दोन्ही चेनच्या मध्यांमधलं अंतर २.३९ मीटर होतं आणि चेनचे पट्टे ६० सेंटीमीटर रुंद. म्हणजे बाहेरून बाहेर रुंदी २.९९ मीटर. ट्रेलरचा डेक २.६ मीटर रुंद. प्रत्येक पट्ट्याचा चाळीस सेंटीमीटर भाग डेकवर, वीस बाहेर. चेनचे खालचे रोलर पट्ट्याच्या मध्यावर असतात. तिथूनच सगळं वजन खाली जातं, आणि ती रेषा डेकच्या कडेपासून जेमतेम दहा सेंटीमीटर आत येते. थोडक्यात, एकवीस टनांचं मशीन मुख्य बीमवर बसतच नाही. ते आडव्या चॅनेलच्या टोकांवर बसतं. दोन्ही हात आडवे पसरून मुठींत भरलेल्या कळश्या धरल्यावर कंबर कितीही मजबूत असली तरी आधी खांदे भरून येतात, तसंच इथे होतं.

आकड्यात पाहू. वजनकाट्यावर मशीन बकेटसह २१.५ टन भरलं. एका चेनवर पावणेअकरा टन, सोयीसाठी अकरा धरू. चेन डेकला सुमारे साडेतीन मीटर लांबीवर टेकते. आडवी चॅनेल अर्ध्या मीटरवर असतील तर एका चेनखाली आठ येतात, प्रत्येकीवर १.४ टन. बीमपासून रोलरच्या रेषेपर्यंत सत्तर सेंटीमीटर. त्या फ्लॅटबेडला १०० मिलिमीटरची आयएसएमसी (भारतीय मानकाची मध्यम वजनाची) चॅनेल होती. तिचा छेदगुणांक, म्हणजे वाकण्याला तोंड देण्याचं माप, सुमारे ३७ घनसेंटीमीटर असतो. गणित केलं तर गाडी नुसती उभी असताना चॅनेलमध्ये सुमारे २५० मेगापास्कलचा ताण येतो. आयएस २०६२ या भारतीय मानकातलं साधं ई२५० पोलाद नेमकं एवढ्या ताणाला कायमचं वाकायला लागतं. खड्ड्यातून जाताना हाच ताण सहज दुप्पट होतो.

मी आबांना ट्रेलरखाली नेलं आणि चॅनेलच्या टोकाला पट्टी लावून दाखवली. कॉइलचा ट्रेलर असूनही एका बाजूची दोन चॅनेल थोडी खाली झुकलेली होती. कधीतरी कुणीतरी त्यावर चेनचं मशीन चढवलं असणार. १५० मिलिमीटरची चॅनेल घेतली तर छेदगुणांक १०४ च्या आसपास जातो, उभ्या गाडीत ताण नव्वदवर येतो आणि धक्क्यासाठी भरपूर जागा राहते. जुन्या ट्रेलरची सगळी चॅनेल बदलून घेता येतील का, असं आबांनी विचारलं. करता येईल, पण मग डेक उतरवायचा, बीमच्या पोटात नवी भोकं पाडायची, सगळं नव्याने जोडायचं. स्वस्ताईचा फायदा तिथेच संपतो. शिवाय नोंदणी झालेल्या ट्रेलरच्या बांधणीत असा बदल आपल्या मनाने करून चालत नाही.

दीड मीटर उंचीचा प्रश्न

फ्लॅटबेडचा डेक जमिनीपासून दीड मीटरवर होता. पोकलेनची वाहतुकीतली उंची, बूम दुमडून, साधारण तीन मीटर. बेरीज साडेचार. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेच्या फाटकावर उंचीची जी लोखंडी चौकट असते, ती ४.६७ मीटरवर असते. कागदावर सतरा सेंटीमीटर उरतात, पण फाटकाच्या उंचवट्यावर ट्रेलर उसळतो तेव्हा एवढ्यावर विसंबणं मला पटत नाही. गावातल्या वीजतारा आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्यांना तर कुठलीच चौकट नसते.

चढवण्या-उतरवण्याचा प्रश्न त्याहून मोठा. चेनचं मशीन ट्रेलरवर चढवताना रँपचा चढ १५ अंशांच्या आत ठेवा, असं मशीनच्या पुस्तकात असतं. दीड मीटर उंचीसाठी त्या हिशेबाने रँप ५.८ मीटर लांब लागतो. एवढा रँप कुणी ट्रेलरला लावत नाही, म्हणून मातीचा धक्का करून मशीन चढवतात. घाटमाथ्यावर हे जमून जातं. कोकणात पावसाळ्यात लाल मातीचा ओला धक्का चेनखाली सरकतो, आणि मशीन आडवं जाण्याचे प्रसंग बहुतेक अशाच वेळी येतात. शिवाय मशीन उतरवायच्या जागी धक्का करायला दुसरं मशीन आधीच हजर लागतं.

या एका मुद्द्यावर फ्लॅटबेडचा विचार आबांनी सोडला. पट्टीने दाखवलेल्या ताणापेक्षा मातीच्या धक्क्याची गोष्ट त्यांना लगेच पटली, कारण ऑपरेटर त्यांच्याच नात्यातला होता.

लो-बेड की सेमी लो-बेड

मग चर्चेची गाडी दुसऱ्या टोकाला गेली. एका बांधणाऱ्याने पूर्ण लो-बेड सुचवला. डेक ऐंशी सेंटीमीटरवर, रँप छोटा, मशीन अलगद चढतं. सपाट महामार्गावर, मोठ्या प्रकल्पांवर तो उत्तमच. पण आबांचा रस्ता कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक असा जातो, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे आणि चिपळूण. त्यापुढे गावरस्ते. मोठ्या रस्त्याचा भराव उंच असतो आणि गावरस्ता त्याला चढून मिळतो. अशा उंचवट्यावर घोड्याची चाकं पलीकडे उतरतात आणि ट्रेलरची मागची चाकं अजून अलीकडे चढत असतात, तेव्हा मधला डेक जमिनीला टेकतो. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणारी खुंटी) मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत साडेआठ मीटर असतील आणि दोन्ही बाजूंना आठ टक्के चढ-उतार असेल, तर मधोमध सुमारे ३४ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. त्या लो-बेडच्या पोटाखाली तेवढीच होती. सेमी लो-बेडमध्ये डेक एक मीटरवर येतो आणि पोटाखाली अर्ध्या मीटरहून जास्त उरतं. म्हणून तीन एक्सलचा सेमी लो-बेड घ्यायचं ठरलं.

सेमी लो-बेड एवढा खाली येतो तो लहान टायरांमुळे. २३५/७५ आर १७.५ या मापाचा टायर सुमारे ऐंशी सेंटीमीटर उंच असतो, तर नेहमीचा २९५/९० आर २० एक मीटरच्या पुढे जातो. लहान टायराची जोडीतली क्षमता २,५७५ किलो, म्हणजे चार टायरांच्या एक्सलला १०.३ टन. तीन एक्सलवर २७ टनांची कायदेशीर मर्यादा असल्याने वाट्याला नऊच टन येतात. टायरांच्या बाजूने अडचण नाही.

लहान चाकाची किंमत ब्रेकमध्ये मोजावी लागते. चाक लहान म्हणजे ड्रम लहान, आणि लहान ड्रम लवकर तापतो. ३८ टनांची जोडगाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा ब्रेक आणि इंजिन मिळून जी उष्णता जिरवतात, ती पाच लिटर डिझेल जाळल्यावर निघते तेवढी असते. ही सगळी ट्रेलरच्या ड्रमवर गेली तर लायनर जळतात आणि उतारावर ब्रेक हातचे जातात. म्हणून उतरताना गिअर खालचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी आवरणारा) चालू आणि पायातला ब्रेक थोडाथोडा, हा नियम इथे जीवनमरणाचा आहे. आबांचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, यावर फार ठाम होते. ते म्हणाले, "चढताना ज्या गिअरात गेलो, उतरताना त्याच्याच खालचा. घाईत असेल त्यानं दुसरा डायवर बघावा." मला त्यांच्या या अटीचा आधारच वाटला. ट्रेलरच्या ऑर्डरमध्ये आम्ही ड्रमवर चिखलाचं झाकण नको, हवा खेळती हवी, एवढं लिहून घेतलं.

वळणांचा हिशेब लांबीशी जोडलेला आहे. घाटातल्या तीव्र वळणावर ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या वाटेपेक्षा आतून जातात. किंगपिनपासून मागच्या एक्सलपर्यंत साडेआठ मीटर असलेल्या ट्रेलरपेक्षा दहा मीटरचा ट्रेलर तेरा मीटर त्रिज्येच्या वळणावर निदान एक मीटर जास्त आत कापतो. हा एक मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीला जागा मिळणं किंवा न मिळणं. बांधणाऱ्याचा ठरलेला नमुना लांब होता. तो आखूड करून घ्यायला थोडा वाद झाला, पण झाला ते बरंच झालं.

काट्यावर बरोबर, तरी एक्सलवर जास्त

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या भागात, आणि माझ्या मते खरेदीआधी वेळ द्यायचा तर इथेच द्यावा.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवजनाच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या एक्सलला ७ टन, घोड्याच्या मागच्या चार टायरांच्या एका एक्सलला ११.५, ट्रेलरच्या दोन एक्सलच्या जोडीला २१ आणि तिघांना मिळून २७. आबांच्या घोड्याची ३९.५ टनांची नोंद म्हणजे पहिल्या तीन आकड्यांची बेरीज. घोडा डिझेल-चालकासह ७.१ टन, सेमी लो-बेड ९.६, मशीन २१.५. एकूण ३८.२. सव्वा टनाहून थोडं जास्त शिल्लक. "मग झालं की!" असं आबा म्हणाले.

एकूण बेरीज झाली, पण मशीन डेकवर कुठे उभं करायचं यावर प्रत्येक एक्सलचा आकडा ठरतो. मशीनचा गुरुत्वमध्य किंगपिनच्या मागे ४.८ मीटरवर ठेवला, तर किंगपिनवर जवळजवळ बारा टन येतात आणि घोड्याच्या मागच्या एक्सलवर साडेबारा. एक टन जादा, एकूण वजन मर्यादेत असूनही. तोच मध्य ५.५ मीटरवर नेला की मागचा एक्सल ११ टनांवर येतो, पुढचा ६.३ आणि ट्रेलरचे एक्सल २०.९. सत्तर सेंटीमीटरमध्ये दीड टन इकडचं तिकडे जातं. आणि २०.९ हा आकडा पाहिल्यावर दोन एक्सलचा ट्रेलर का नको हेही कळतं. तिथली मर्यादा २१, म्हणजे चेनला चिखल लागला तरी आपण बाहेर. तीन एक्सलला सहा टनांची मोकळीक मिळते. घोड्याची नोंद ३९.५ असल्यामुळे ती पूर्ण वापरता येत नाही, पण मशीन अर्धा हात मागेपुढे उभं राहिलं तरी काही बिघडत नाही, टायर आणि पाटे कमी थकतात.

मशीन फार मागे नेलं तर उलट त्रास. घोड्याच्या चाकांवर वजन उरत नाही आणि ओल्या चढावर ती जागेवर फिरतात. म्हणून डेकच्या कडेला पिवळ्या रंगाने दोन खुणा करून घेतल्या. चेनचं पुढचं टोक या दोन खुणांच्या मध्येच थांबलं पाहिजे. बूम पुढे ठेवून मशीन उभं केलं की बकेट गूजनेकच्या, म्हणजे ट्रेलरच्या किंगपिनकडच्या उंच भागाच्या, पुढच्या कडेवर टेकते आणि केबिनला लागत नाही, हे आधी मापून घेतलं होतं. एकूण उंची ४.२ मीटरच्या आत राहिली.

रॉक ब्रेकरचं वजन दीड-पावणेदोन टन. तो सोबत घेतला तर ३९.५ ची मर्यादा ओलांडते. तो वेगळ्या टेम्पोने न्यायचा, असं ठरलं. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. टेम्पोचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे आणि ती यंत्रं वाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर आला तर त्यालाही वीस हजारांचा दंड आहे, सक्षम अधिकाऱ्याने सूट दिली असेल तर नाही. पोकलेन २.९९ मीटर, गाडीची कायदेशीर रुंदी २.६. म्हणजे वीस टनी वर्गाचं असं रुंद पट्ट्यांचं मशीन न्यायचं तर परवानगी लागतेच, ट्रेलर कितीही चांगला असो. आबांनी याआधी भाड्याच्या गाडीवर हे सोडून दिलं होतं, कारण दंड ट्रेलरवाल्याचा. आता गाडी त्यांची. परवानगी, दिवसाची वाहतूक, दोन्ही बाजूंना लाल झेंडे आणि परावर्तक पट्ट्या हे सगळं खर्चाच्या कागदात पहिल्या दिवसापासून धरलं. डेकच्या बाहेर आलेल्या पट्ट्याला खालून आधार मिळावा म्हणून बाजूला ओढून काढायचे आधार बसवून घेतले. मशीन नसताना ते आत जातात आणि गाडी पुन्हा २.६ मीटरची होते.

तडे कुठे जातात

बांधणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की आम्ही ई४५० पोलाद वापरतो. चांगली गोष्ट आहे, ट्रेलर हलका होतो. पण जाड पोलाद किंवा उच्च ताकदीचं पोलाद घेतलं म्हणजे तडे जाणार नाहीत, ही समजूत चुकीची आहे. ट्रेलर एका झटक्यात मोडत नाही. लाखो लहान धक्क्यांनी वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा सुरू होतो आणि वाढत जातो. या थकव्यात वेल्डचा टिकाऊपणा पोलादाच्या ताकदीवर फारसा अवलंबून नसतो, जोडाच्या आकारावर असतो. उलट ताकदीचं पोलाद म्हणून बीम बारीक केला तर ताण वाढतो आणि तडा लवकर येतो.

सेमी लो-बेडची नाजूक जागा ठरलेली असते : गूजनेक उतरून खालच्या डेकला मिळतो तो कोपरा. तिथे काटकोन असेल तर सगळा ताण एका रेषेत गोळा होतो. आम्ही तिथे वाकवलेली गोलाई मागितली आणि बाजूची जादा पट्टी निमुळती करून संपवायला सांगितली, चौकोनी कापून नाही. बीमच्या खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग करायची नाही, ब्रेकच्या नळीचा साधा क्लॅम्पसुद्धा तिथे चिकटवायचा नाही, हेही ऑर्डरमध्ये लिहिलं. आडवी चॅनेल बीमच्या पोटातून आरपार गेलेली हवी, बीमच्या बाजूला टेकवून जोडलेली नको. साखळी अडकवायच्या कड्या डेकच्या पत्र्याला नव्हे, बीमशी जोडलेल्या आडव्या सांगाड्याला. रंग लावण्याआधी ट्रेलर बघायला येणार, ही अट तर पहिल्याच ओळीत घातली, कारण रंगाखाली काहीही झाकतं. बांधणाऱ्याला या मागण्या थोड्या जाचक वाटल्या, पण त्याच्याकडचा वेल्डर हुशार निघाला. गोलाईचं कारण त्याला सांगायलाही लागलं नाही.

ट्रेलरला एआयएस ११३ या वाहन-मानकाप्रमाणे मान्यता असल्याचा कागद आणि चॅसिस क्रमांक आधी पाहिला, मगच पैसे दिले. किंगपिन दोन इंची, घोड्याच्या जोडपट्टीला जुळणारी. एक्सल आणि पाटे कराड-कोल्हापूर पट्ट्यात सहज मिळणाऱ्या बनावटीचे. हवेच्या सस्पेन्शनचा विचार केला आणि सोडला : गावरस्त्यावर फुगा फुटला तर दुरुस्ती कोण करणार? डेकवर जाळीदार पत्र्यावर ऐनाच्या फळ्या टाकल्या. लोखंडी चेन लोखंडी पत्र्यावर पावसात साबणासारखी सरकते, आणि रोलरचा ड्रम तर त्याहून जास्त.

चढवण्याची रीत

ट्रेलरच्या मागच्या सव्वा मीटर भागाला उतार दिला, त्यामुळे कडेची उंची सत्तर सेंटीमीटरवर आली आणि १५ अंशांचा रँप २.७ मीटरमध्ये बसला. स्प्रिंगच्या मदतीने दोन माणसं तो उचलतात. हायड्रॉलिक रँप आरामाचा असतो, पण त्याचा पंप आणि नळ्या म्हणजे शेतात बिघडायला आणखी एक गोष्ट.

एक धोका खरेदीच्या चर्चेत कुणीच काढला नव्हता. मशीन रँप चढून डेकच्या मागच्या कडेवर येतं आणि पुढे कलण्याआधी क्षणभर सगळं वजन त्या कडेवर घेतं. ती कड ट्रेलरच्या एक्सलच्या मध्यापासून २.२ मीटर मागे आहे. साडेएकवीस टन तिथे आले की ट्रेलर तराजूच्या दांडीप्रमाणे मागे झुकू पाहतो आणि किंगपिनला सुमारे तीन टनांनी वर ओढतो. घोड्याच्या मागच्या एक्सलवर रिकामा असताना अडीचच टन असतात. म्हणजे त्याची चाकं जवळपास अधांतरी, आणि घोड्याचा हँडब्रेक नेमका त्याच चाकांवर काम करतो. म्हणून ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यांत दोन भक्कम टेकू बसवले आणि कडेचा आडवा बीम चॅनेलचा न ठेवता पेटीसारखा केला. टेकू जमिनीला लागले, त्याखाली फळी टाकली, ट्रेलरच्या चाकांना लाकडी ओटे लावले, हे तिन्ही झाल्याचं मामांनी हाताने दाखवल्याशिवाय ऑपरेटर रँपला चेन लावत नाही. मशीन थांबल्यावर १३ मिलिमीटरच्या ग्रेड ८० साखळ्यांनी चारही कोपरे बांधायचे, बूम आणि बकेट वेगळ्या साखळीने. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून साखळ्या पुन्हा ताणायच्या, कारण मशीन फळ्यांवर बसतं आणि ढिलाई येते.

जेसीबी आणि पोकलेन एकाच खेपेत न्यायची आबांची इच्छा होती. ते जमत नाही. डेकची लांबी पुरत नाही आणि वजनही ३९.५ च्या खूप पुढे जातं. जेसीबी आपल्या चाकांवर जातो किंवा वेगळी खेप होते.

ट्रेलर एक पावसाळा वापरून झाल्यावर खालून धुऊन पाहिला. गूजनेकच्या कोपऱ्यात काही नव्हतं. रँपच्या बिजागरीजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली. रंग खरवडला, तेव्हा तडा वेल्डमध्येच होता, पोलादात उतरला नव्हता. बिजागरीची पट्टी आखूड होती, ती लांब करून टोकं निमुळती केली. पाट्यांचे यू-बोल्ट सुरुवातीला ढिले होतात, ते ठरलेल्या ताणाने आवळले. तिसऱ्या एक्सलचे टायर आतून जास्त झिजले होते. घाटातल्या वळणांवर ते घासतात. एक्सल एका रेषेत आहेत का ते दोरी लावून मोजलं, थोडा फरक होता तो काढला. रिकाम्या परतीला तो एक्सल उचलता येईल अशी सोय आधीच करून घेतली असती तर हा खर्च कमी झाला असता. नव्याने घेणाऱ्याने ती घ्यावी.

आबा आता तीस टनी मशीन घ्यायचा विचार करतायत आणि हाच ट्रेलर पुरेल का, असं विचारतात. डेक आणि चॅनेलना तसं अंगाबाहेरचं होणार नाही, पण ७.१, ९.६ आणि ३० मिळून ४६.७ टन होतात. दोन एक्सलच्या घोड्याला तीन एक्सलच्या ट्रेलरसह कायद्याने जास्तीत जास्त ४५.५ टन मिळतात. म्हणजे तीन एक्सलचा, ५५ टनांच्या नोंदीचा घोडा लागेल, मशीनची रुंदी आणखी वाढेल आणि डेकच्या कडेच्या आधारांचा हिशेब पहिल्यापासून करावा लागेल. मशीनचं माप हातात आल्याशिवाय त्यांनी घोड्याचाही सौदा करू नये, असं मी त्यांना कळवलं आहे.